रणांगणानंतरचा स्वधर्म

श्रीमद्भगवद्गीता रणभूमीवर सांगितली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती ज्या भूमीवर सांगितली गेली, ती भूमी मूळची नांगरलेली जमीन होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. महाभारताच्या शल्यपर्वात यासंबंधीची कथा आली आहे. कुरू नावाचा राजर्षी हे क्षेत्र स्वतः नांगरीत होता. इंद्राने येऊन त्याला विचारले की, राजा, हा खटाटोप कशासाठी? या क्षेत्रात जे देह ठेवतील ते पापमुक्त होऊन पुण्यलोकी जावेत, एवढ्यासाठी, असे कुरूने उत्तर दिले. इंद्र हसला आणि निघून गेला. तो पुन्हा येई, पुन्हा विचारी, पुन्हा हसून जाई. राजाने मात्र नांगर थांबविला नाही. अखेर देवांनाच त्याच्या चिकाटीपुढे नमते घ्यावे लागले आणि वर द्यावा लागला. गीतेच्या पहिल्याच श्लोकात क्षेत्र हा शब्द दोनदा येतो. त्यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण क्षेत्र म्हणजे प्रथम शेत, हा साधा अर्थ पंडितांच्या हातून बहुधा निसटतो. खेडुताला तो कोणी सांगावा लागत नाही.

ही कथा येथे आठवण्याचे कारण असे की, अठरावा अध्याय वाचताना गृहस्थाश्रमी वाचकाला एक अडचण येते. त्या अध्यायात भगवंतांनी स्वभावापासून उत्पन्न होणाऱ्या गुणांनुसार कर्मांची विभागणी सांगितली आहे. शूरपणा, धैर्य, रणातून पाठ न फिरविणे ही कर्मे एका वर्गात येतात. शेती, गाईंचे पालन व व्यापार ही दुसऱ्या वर्गात. वाचताना ही विभागणी अगदी स्वच्छ वाटते. परंतु भारतवर्षातील कोट्यवधी घरांचा इतिहास पाहिला तर ती इतकी स्वच्छ राहत नाही. महाराष्ट्रातच पाहा. खरिपाचे पीक हाती आले की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघावे आणि पावसाळ्यापूर्वी परत येऊन पुन्हा औताला बैल जुंपावेत, असा कित्येक पिढ्यांचा क्रम होता. खंडेनवमीला त्या घरांतून तरवार आणि विळा एकाच पाटावर पुजली जात. असा मनुष्य स्वधर्म कोणता मानील? तरवार हाती असताना एक आणि नांगर हाती असताना दुसरा, असे म्हणावे काय? आणि तसे म्हटले, तर एका धर्मातून दुसऱ्यात परतताना त्याने काय बरोबर आणावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ भाष्यग्रंथ चाळून मिळण्यासारखे नाही. ज्याने हे दोन्ही जगून दाखविले अशा एखाद्या माणसाच्या चरित्राजवळ क्षणभर बसावे लागते. असे एक चरित्र कुरुक्षेत्र ज्या राज्यात आहे त्याच हरियाणातील आहे, आणि ते फार जुनेही नाही.

दिल्लीच्या पश्चिमेस झज्जरचा मुलूख लागतो. पूर्वी तो रोहतक जिल्ह्यात मोडत असे. यमुनाकाठासारखी पाण्याची समृद्धी येथे नाही. पाणी मिळेल तेथे गहू, न मिळेल तेथे मोहरी व हरभरा, पावसाळ्यात बाजरी, दारात म्हैस आणि घरातला एखादा मुलगा फौजेत, अशी येथील शेतकरी कुटुंबाची जुनी घडण आहे. अशाच पलडा नावाच्या खेड्यात १९२० साली उमरावसिंह यांचा जन्म झाला. शिक्षण गावच्या शाळेत झाले, तेवढेच. १९३९ च्या नोव्हेंबरात, दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले असताना, ते सैन्यात दाखल झाले आणि डोंगरी तोफखान्यात त्यांची नेमणूक झाली.

डोंगरी तोफखाना ही काय वस्तू आहे, ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व प्रसंग त्यावरच अवलंबून आहे. ज्या मुलखात गाडीवाट नाही, तेथे मोठी तोफ जाऊ शकत नाही. म्हणून तोफेचे सुटे भाग करून ते खेचरांच्या पाठीवर लादतात आणि ठिकाणी पोहोचल्यावर जुळवून घेतात. ही जुळणी, उचलाउचल, चाके सरकविणे यांसाठी जड लोखंडी पहारा लागतात. तोफखान्याची आणखी एक रीत आहे. पायदळाच्या पलटणीला जसे निशाण, तशी गोलंदाजाला तोफ. तिच्यावर वेगळा ध्वज फडकावा लागत नाही, तीच ध्वज. ती शत्रूच्या हाती जाऊ देणे म्हणजे निशाण हरवणे होय.

१९४४ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशातील आराकान प्रांतात, कलादान नदीच्या खोऱ्यात, उमरावसिंह हवालदार म्हणून एका तोफेचे प्रमुख होते. त्यांची ३० वी डोंगरी तोफखाना रेजिमेंट तेथे ८१ व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनच्या साहाय्यास दिली होती. आणि त्यांची तोफ अगदी पुढच्या जागी, आठव्या गोल्ड कोस्ट पलटणीला आधार म्हणून लावली होती. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना देश. झज्जरचा शेतकरी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा शेतकरी, एकमेकांची भाषा न जाणणारे, ब्रह्मदेशाच्या रानात एकमेकांच्या भरवशावर उभे होते.

१५ व १६ डिसेंबरच्या त्या झुंजीत जपानी तोफांनी व उखळी तोफांनी दीड तास सतत भडिमार केला. त्यानंतर निदान दोन कंपन्यांचे पायदळ त्या तोफेवर चालून आले. उमरावसिंहांनी ब्रेन मशिनगन स्वतः हाती घेतली, आपल्या गोलंदाजांच्या बंदुकांचा मारा कोठे व्हावा हे सांगत राहिले आणि हल्ला परतवला. दोन हातबॉम्बांनी ते जखमी झाले होते. दुसरी लाट आली. तीही मागे हटली. पण तेव्हा उमरावसिंह आणि आणखी दोन गोलंदाज एवढेच जिवंत होते. गोळ्या मोजक्या उरल्या होत्या. तिसऱ्या लाटेच्या आरंभीच त्या संपल्या. मग त्यांनी तोफेची ती जड पहार उचलली आणि हातघाईची लढाई सुरू केली. तिघांना त्यांनी खाली पाडल्याचे पाहणाऱ्यांनी पाहिले. त्यानंतर घावांच्या वर्षावाखाली ते स्वतः कोसळले. सहा तासांनी प्रतिहल्ला करून ती जागा परत घेण्यात आली, तेव्हा ते तोफेजवळ बेशुद्ध आढळले. अंगावर सात मोठ्या जखमा होत्या. चेहरा ओळखू येत नव्हता. पहार हातातच होती. भोवती दहा जपानी सैनिक मृत पडले होते. आणि तोफ शाबूत होती. त्याच दिवशी ती पुन्हा चालू झाली.

३१ मे १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यपदक त्यांना जाहीर झाले आणि १५ ऑक्टोबर १९४५ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात बादशहा सहावे जॉर्ज यांच्या हस्ते ते देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते.

येथे चिकित्सक वाचक एक शंका काढील, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. हे युद्ध कोणाचे होते? १९३९ च्या सप्टेंबरात हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे व्हाइसरॉयने जाहीर केले, ते या देशातील लोकप्रतिनिधींना न विचारता. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढे याच ब्रह्मदेशाच्या आघाडीवर नेताजी सुभाषचंद्र बोस यांची आझाद हिंद सेना दुसऱ्या बाजूने लढली. याच ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात, परक्या सरकारचे बंदी असताना लोकमान्य टिळकांनी गीतारहस्य लिहिले होते. मग त्या सरकारच्या पदकाला धर्मदृष्टीने किती मोल द्यावयाचे?

अन्नाची निष्ठा, ज्याला लोक निमकहलाली म्हणतात, ती येथे उत्तर म्हणून पुढे केली जाते. परंतु महाभारताने ते उत्तर पुरेसे मानलेले नाही. युद्धारंभी युधिष्ठिर वंदनासाठी आला असता, आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, अशी कबुली भीष्मांनी खेदाने दिली आहे. भीष्मांसारख्याला जे खेदाने सांगावे लागले, ते समर्थन म्हणून इतरांनी मिरवू नये. उमरावसिंहांच्या कृतीचा आधार निराळा आहे. त्या रात्री त्या तोफेमागे जे आफ्रिकी पायदळ होते, त्याचे प्राण त्या तोफेवर अवलंबून होते. जवळ पडलेले गोलंदाज तिच्यासाठीच मेले होते. साम्राज्य कोणाचे, हा प्रश्न दिल्ली आणि लंडन येथे सुटावयाचा होता. आपल्यावर विसंबून असलेल्याला सोडावयाचे की नाही, हा प्रश्न मात्र कलादानच्या खोऱ्यात, पहार हाती घेतलेल्या माणसाने क्षणात सोडवावयाचा होता. दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांपैकी एकाच्या नावाखाली दुसरा पुसून टाकता येत नाही. त्या युद्धात पंचवीस लाखांहून अधिक हिंदी सैनिक स्वेच्छेने भरती होऊन गेले. त्यांच्यापैकी बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते, आणि त्यांचे स्मरण स्वराज्यात बराच काळ संकोचानेच केले गेले.

असो. शौर्याचे वर्णन वाचताना वाचक थरारून जातो आणि पुस्तक मिटतो. वस्तुतः गीतेच्या अभ्यासकाला विचार करावयाचा तो यापुढेच.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. युद्ध संपून राज्य स्थिर झाले आहे. कृष्ण द्वारकेला निघण्याच्या बेतात आहेत. अशा वेळी अर्जुन त्यांना विनवितो की, रणाच्या आरंभी आपण मला जे सांगितले, ते माझ्या चित्तातून निघून गेले आहे. ते पुन्हा ऐकावेसे वाटते. भगवंत त्याला रागे भरतात. तेव्हा योगयुक्त होऊन जे सांगितले ते तसेच्या तसे आता पुन्हा सांगता येणार नाही, असे म्हणून ते दुसऱ्या मार्गाने तोच विषय सांगतात. तीच अनुगीता. कित्येकांना हा प्रसंग अर्जुनाला कमीपणा आणणारा वाटतो. पण यात मनुष्यस्वभावाचे केवढे निरीक्षण आहे! दोन्ही सैन्यांच्या मध्ये, मृत्यू समोर असताना जे ज्ञान लख्ख होते, ते राजवाड्यात, सभागृहात, सुखाच्या दिवसांत विस्मृत झाले. रणावर धैर्य धरणे कठीण खरे. परंतु रण संपल्यावर, शंख वाजत नसताना, रोजच्या जिण्यात तीच बुद्धी टिकविणे त्याहून कठीण आहे. युधिष्ठिराला तर युद्ध जिंकल्यावर राज्यच नकोसे झाले. तो वनात जाण्याच्या गोष्टी बोलू लागला आणि भावांनी, द्रौपदीने व ऋषींनी परोपरीने समजावल्यावर कोठे तो गृहस्थधर्माकडे व राजधर्माकडे वळला.

रणातून परतणाऱ्यापुढे असे दोन धोके असतात. एक, झालेल्या पराक्रमावरच उरलेले आयुष्य काढणे. दुसरा, पाहिलेल्या संहाराने खचून संसारातून मन काढून घेणे. पहिल्यात राजस अहंकार आहे, दुसऱ्यात गीता ज्याला तामस व राजस त्याग म्हणते त्याची छाया आहे. मोहाने किंवा देहकष्टाच्या भीतीने कर्म टाकणे हा खरा त्याग नव्हे, हे अठराव्या अध्यायात आरंभीच स्पष्ट केले आहे.

उमरावसिंहांच्या अंतःकरणात काय चालले असेल, यावर तर्क करण्याचे प्रयोजन नाही; त्यांची कृती समोर आहे, तिचाच विचार करावा. जखमा भरल्यावर त्यांनी नोकरी सोडली नाही. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, सैन्याचीही वाटणी झाली. ते भारताच्या सैन्यात राहिले. सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले, मानद कॅप्टन झाले. आणि निवृत्त झाल्यावर दिल्लीत किंवा अन्य मोठ्या शहरात न राहता पलड्याला परतले. तेथे वडिलोपार्जित जमीन होती. ती थोडी होती. ती ते कसू लागले.

हे वाक्य सहज वाचून होते. पण अल्पभूधारकाचे शेत म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. पाऊस हुकला तर बाजरी गेली. थंडीत धुके पडले, दव गोठले, तर मोहरीचा फुलोरा गेला. म्हैस आटली तर घरचे दूध गेले. यात पदकाचा काडीइतका उपयोग नाही. जमीन कोणाचे पदक पाहून पिकत नाही. बादशहाच्या हातून मान घेतलेल्या हाताने त्याच चारचौघांसारखी पेरणी-खुरपणी करावी लागते. सात्त्विक त्यागाचे लक्षण सांगताना भगवंत म्हणतात की, असा मनुष्य कष्टाचे कर्म आहे म्हणून त्याचा द्वेष करीत नाही आणि सुखाचे आहे म्हणून त्यात गुंतत नाही. या लक्षणाचे स्पष्टीकरण करताना पाठशाळांतून नित्य-नैमित्तिक कर्मांची, अग्निहोत्राची उदाहरणे दिली जातात. ती योग्यच आहेत. परंतु राजवाड्यातून परतून पुन्हा मातीत हात घालणाऱ्या माणसाचे उदाहरणही तेथे शोभण्यासारखे आहे. तिसऱ्या अध्यायात ज्यांचे नाव भगवंतांनी कर्मयोग्यांत आदराने घेतले, त्या जनकांच्या वंशातच भूमी नांगरताना सीता सापडल्याची कथा आहे, हेही येथे विसरू नये.

आता या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग येतो. व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक धातूच्या दृष्टीने सामान्य आहे. ते कांशाचे असते, सोन्याचे नव्हे. परंतु जगात अशी पदके थोडी असल्याने हौशी संग्राहक त्यासाठी फार मोठी रक्कम मोजतात. उमरावसिंहांकडेही अशी मागणी आली, आणि भारी रकमेची आली. त्यांनी ती नाकारली. पदक विकले तर रणात पडलेल्यांच्या मानाला डाग लागेल, असे कारण त्यांनी दिले. हयात असेतो त्यांनी ते विकले नाही.

या नकाराची स्तुती करणे सोपे आहे. पण गृहस्थाने तेथेच थांबू नये. उलट बाजूने विचार करून पाहावा. कुटुंबाचे भरणपोषण हा गृहस्थाचा पहिला धर्म आहे. पत्नी आहे, मुले आहेत, पुढे नातवंडे येतात. थोड्या जमिनीत भागत नाही. घरात अशी एक वस्तू आहे की, ती दिली असता शेत वाढेल, विहीर होईल, मुलांची शिक्षणे होतील. ती वस्तू कोणी खात नाही, नेसत नाही. वर्षातून एखादे दिवशी छातीवर लावली जाते. मग ती न विकणे हा स्वतःच्या मानासाठी कुटुंबावर केलेला अन्याय का म्हणू नये? एखादी गृहिणी असे विचारील तर तिला निरुत्तर करणे सोपे नाही, आणि तिचे म्हणणे अधर्माचेही नाही.

उत्तर त्यांच्या कारणातच आहे. स्वतःच्या मानाचा उच्चार त्यात नाही. उच्चार आहे तो मेलेल्यांच्या मानाचा. त्या रात्री तोफेभोवती जे गोलंदाज पडले त्यांना पदक मिळाले नाही. उमरावसिंहांना ते मिळाले, कारण ते वाचले आणि पहार हाती असलेले सापडले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती वस्तू त्यांच्या स्वामित्वाची नव्हतीच. ती त्यांच्याकडे ठेवलेली होती. धर्मशास्त्रात अशा वस्तूला निक्षेप म्हणतात, व्यवहारात ठेव म्हणतात. कितीही अडचण आली तरी दुसऱ्याची ठेव विकून संसार चालविणे कोणत्याही स्मृतीने मान्य केलेले नाही, आणि कुटुंबाच्या हिताचा युक्तिवादही तेथे लागू पडत नाही. आपल्याला मिळालेल्या फळावर आपलाच अधिकार आहे, ही समजूत सोडणे म्हणजे फलत्याग. पुष्कळांना फलत्याग म्हणजे फळ फेकून देणे किंवा मिळाले तरी न घेणे असे वाटते. येथे फळ घेतले आहे, छातीवर लावले आहे, जपले आहे. फक्त ते माझे असे म्हटलेले नाही. निष्काम कर्माचा अर्थ समजावून सांगण्यास याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

पुढे १९९५ साली महायुद्धसमाप्तीला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने लंडनमध्ये समारंभ झाले. वृद्ध उमरावसिंह तेथे गेले असता, मान्यवरांसाठी उभारलेल्या तंबूच्या दाराशी त्यांना जवळजवळ परत पाठविण्यात येत होते, कारण यादीत त्यांचे नाव नव्हते. समारंभाची व्यवस्था पाहणाऱ्या एका ब्रिगेडियरने त्यांच्या छातीवरील पदक ओळखले आणि त्यांना सन्मानाने आत नेले. मान आणि अपमान यांत सारखा राहतो तो भक्त भगवंताला प्रिय, हे बाराव्या अध्यायात आपण वाचतो. एका दाराशी, एका घटकेत, दोन्ही एकापाठोपाठ कसे येतात, हे या प्रसंगावरून दिसते.

त्याच भेटीत त्यांनी इंग्लंडचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्यापुढे, हे पदक मिळालेल्या हयात भारतीयांना मिळणाऱ्या तुटपुंज्या वार्षिक मानधनाचा प्रश्न मांडला. ते मानधन पुढे वाढून वर्षाला १,३०० पौंड झाले. येथे कोणी विचारील की, पदकाला हात न लावणाऱ्याने पैसे मागावेत हे कसे? यात विसंगती मुळीच नाही. पदक ही ठेव होती. मानधन हा हक्क होता, आणि तोही एकट्याचा नव्हे. त्या वेळी असे वृद्ध सैनिक थोडे उरले होते, खेडोपाडी राहत होते. त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. निष्काम मनुष्याने न्याय्य गोष्टही मागू नये, असे गीतेत कोठेही सांगितलेले नाही. पांडवांच्या वतीने पाच गावे मागायला स्वतः भगवान कौरवसभेत गेले होते. विरक्तीच्या नावाखाली न्याय्य मागणी गिळून टाकण्याची आपल्या समाजाला जी सवय लागली आहे, ती गीतेतून आलेली नाही. ती दुबळेपणातून आली आहे आणि तिचे खापर गीतेच्या माथी फोडू नये.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात उमरावसिंहांचे निधन झाले. पार्थिव पलड्याला नेण्यात आले आणि तेथे पूर्ण लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. 

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. तरवार हाती असताना एक स्वधर्म आणि नांगर हाती असताना दुसरा, असे आहे काय? अठराव्या अध्यायातील कर्मविभागानंतर लगेच येणारे विवेचन नीट पाहिले तर भगवंतांचा भर कर्माच्या नावावर राहत नाही. ज्याच्यापासून ही भूतसृष्टी झाली त्याचे पूजन आपल्या कर्माने करावे, असा त्याचा आशय आहे. पूजेत उपचार बदलतात. सकाळी फुले वाहिली, सायंकाळी दीप लावला, म्हणून देव बदलत नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी तिसऱ्या अध्यायाच्या विवरणात स्वधर्माकडे यज्ञ म्हणूनच पाहिले आहे, आणि यज्ञातही समिधा ऋतूनुसार निरनिराळ्या असतात. तथापि एक सावधगिरी हवी. या विवेचनाच्या आधारे कोणतेही कर्म स्वधर्मच आहे असे ठरविता येत नाही. प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले असते, जसा अग्नी धुराने, हेही तेथेच सांगितले आहे. रणात माणसे मारली गेली हा दोष खराच. नांगराच्या फाळाखाली जीव मरतात हाही. तो दोष नाहीसा झाला असे मानणे गीतेला संमत नाही. दोष ओळखून, कर्म न टाकता, फळावरचा हक्क सोडणे एवढेच मनुष्याच्या हाती ठेवले आहे.

घरी गीतेचे पठण चालते त्यांनी या महिन्यात अठराव्या अध्यायाचे दोन भाग सावकाश वाचावेत: त्यागाचे तीन प्रकार सांगणारा आरंभीचा भाग आणि एक्केचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतचे श्लोक. त्यानंतर आश्वमेधिक पर्वातील अनुगीतेचा आरंभ, अर्जुनाची विस्मृती आणि भगवंतांचे उत्तर, भाषांतरातून का होईना, घरातील मुलांना वाचून दाखवावा. घरात कोणी सैन्यातून परतलेले आजोबा, काका असतील तर वाचताना त्यांना जवळ बसवावे. ते काही सांगू लागले, तर पोथी बाजूला ठेवून ऐकावे. न सांगतील तर विचारू नये.